पहिली कसोटी हाच आमचा सराव सामना?

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

४ ऑगस्ट २०२५ ला ओव्हलवर मोहम्मद सिराजने शेवटचा गडी त्रिफळाचीत केला, भारताने अवघ्या सहा धावांनी कसोटी जिंकली आणि इंग्लंडमधील पाच कसोटींची मालिका २-२ अशी बरोबरीत सुटली. धावांच्या हिशेबात भारताचा कसोटीतील हा सर्वांत निसटता विजय आहे. त्या दिवसापासून वर्तमानपत्रांतून, वाहिन्यांवरून आणि आमच्या कट्ट्यावरूनही कौतुकाचा जो वर्षाव चालू आहे त्यात मीही मनापासून सामील आहे. तरीही एक गोष्ट कोणी फारशी बोलत नाही म्हणून हे पत्र लिहितो आहे. ही मालिका जिंकण्याची संधी भारताने कुठे गमावली, असे कोणी मला विचारले तर मी लॉर्ड्‌सचे नाव घेणार नाही. तिथे २२ धावांनी हरलो, जडेजा ६१ धावांवर नाबाद उभा राहिला आणि सिराजच्या बॅटला लागलेला चेंडू मागे घरंगळत जाऊन यष्टींवर आदळला. त्यात दैवाचाही वाटा होता. मालिका हातची गेली ती त्याआधी, हेडिंग्लेच्या पहिल्या कसोटीत, आणि त्या पराभवात दैवाचा वाटा फार थोडा होता.

हेडिंग्लेच्या धावफलकाकडे पुन्हा एकदा शांतपणे पाहावे. भारताच्या फलंदाजांनी त्या सामन्यात पाच शतके ठोकली. पहिल्या डावात जयस्वाल, गिल आणि पंत, दुसऱ्या डावात राहुल आणि पुन्हा पंत. पाच शतके झळकावूनही सामना हरण्याची वेळ कसोटीच्या इतिहासात याआधी कोणत्याही संघावर आली नव्हती. पहिल्या डावात ३ बाद ४३० वरून संघ ४७१ धावांत आटोपला, म्हणजे ४१ धावांत सात गडी गेले. दुसऱ्या डावात ४ बाद ३३३ वरून ३६४, म्हणजे ३१ धावांत सहा. क्षेत्ररक्षणाची कथा याहून वाईट. इंग्लंडच्या ऑली पोपचा झेल ६० वर सुटला, त्याने १०६ केल्या. दुसऱ्या डावात डकेटचा झेल ९७ वर सुटला, त्याने १४९ केल्या आणि इंग्लंडने ३७१ धावांचे लक्ष्य पाच गडी राखून गाठले. ज्याने शतक काढले त्याच जयस्वालच्या हातून हे दोन्ही झेल निसटले. पण मी त्या मुलाला दोष देऊ इच्छित नाही, कारण झेल सुटण्याचे एक कारण त्याच्या हातांबाहेरचेही आहे, असे मला वाटते.

मी मुंबईच्या कांगा लीगमध्ये काही वर्षे खेळलो आणि त्यानंतर कितीतरी पावसाळे पंच म्हणून उभा राहिलो. ही स्पर्धा १९४८ पासून भर पावसात खेळवली जाते. खेळपट्टी ओली, मैदानात गवत घोट्याच्या वर, आणि आझाद मैदानावर तर शेजारच्या सामन्यातला क्षेत्ररक्षक आपल्या स्लिपच्या, म्हणजे यष्टिरक्षकाशेजारच्या क्षेत्ररक्षकाच्या, पाठीला पाठ लावून उभा. अशा हवेत चेंडू बॅटची कड घेतो तेव्हा तो सरळ येत नाही, हातात शिरण्याआधी थोडासा डगमगतो. इंग्लंडमध्ये वापरला जाणारा ड्यूक्स चेंडू यष्टिरक्षकाकडे जाताना याहूनही अधिक डगमगतो, आणि ढगाळ आकाश, मागची गर्दी, तिरका उजेड या सगळ्यांत तो दिसायलाच क्षणभर उशीर होतो. सरावात प्रशिक्षकाने बॅटने मारलेले शंभर झेल घेऊन हे अंगवळणी पडत नाही. सामन्यात साठाव्या षटकाला, पाय जड झालेले असताना, लक्ष जरा भरकटलेले असताना आलेला झेलच ते शिकवतो. शेपटाच्या, म्हणजे शेवटच्या क्रमांकांच्या, फलंदाजीचेही तसेच. दहाव्या क्रमांकाच्या खेळाडूला सरावाच्या जाळीत दोन षटके टाकली म्हणजे तो अर्धा तास टिकायला शिकत नाही. त्यासाठी धावफलकावर नऊ बाद असे लिहिलेले असावे लागते.

मग प्रश्न असा, की हेडिंग्लेच्या आधी भारतीय संघ असा सामना किती खेळला? उत्तर आहे: इंग्लंडच्या एकाही कौंटीविरुद्ध, म्हणजे तिथल्या प्रांतीय संघाविरुद्ध, एकही नाही. आयपीएलचा अंतिम सामना ३ जूनला अहमदाबादला झाला आणि पहिली कसोटी २० जूनला सुरू झाली. मध्ये सतरा दिवस. त्यातून प्रवास, वेळेच्या फरकाशी जुळवून घेणे आणि दोन महिने वीस षटकांच्या खेळात मुरलेले हातपाय पुन्हा कसोटीच्या चालीला आणणे हे सगळे साधायचे होते. तयारीचा सामना म्हणून जो झाला तो लंडनजवळ बेकनहॅमला, भारताचाच मुख्य संघ आणि भारताचाच ‘अ’ संघ यांच्यात, बंद दाराआड. प्रेक्षकांना प्रवेश नव्हता. आपल्याच गोलंदाजाने आपल्याच फलंदाजाला टाकलेला चेंडू, ज्यात बाद झालेल्यालाही हवे तर पुन्हा खेळता येते, त्याला सराव म्हणावे. सामना म्हणू नये.

इथे एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. भारत ‘अ’ संघ आधीच इंग्लंडला गेला होता आणि कँटरबरी व नॉर्थम्प्टन येथे इंग्लंड लायन्स या इंग्लंडच्या दुसऱ्या फळीच्या संघाविरुद्ध चार दिवसांचे दोन सामने खेळला होता. ते सामने चांगलेच झाले. कँटरबरीला करुण नायरने द्विशतक काढले आणि सरफराज खानने ९२ धावा केल्या, जरी सरफराजला मुख्य संघात जागा मिळाली नाही. पण माझा मुद्दा त्याच सामन्यांतून अधिक स्पष्ट होतो. के. एल. राहुलचा आयपीएल संघ बाद फेरीत पोहोचला नाही, म्हणून तो मोकळा झाला आणि नॉर्थम्प्टनच्या सामन्यासाठी लवकर पोहोचला. तिथे त्याने ११६ आणि ५१ धावा केल्या. पुढे मालिकेत त्याने ५३२ धावा काढल्या आणि पहिल्या दिवसापासून तो असा खेळला, जणू तो महिनाभर तिथेच राहत होता. कोणी म्हणेल, जयस्वालही हे दोन्ही सामने खेळला होता, मग झेल का सुटले? खरे आहे. परंतु स्लिपची फळी ही एका खेळाडूची नसते. कोणाच्या डाव्या बाजूचा झेल कोणी घ्यायचा, यष्टिरक्षक किती सरकतो, कोणत्या गोलंदाजाला किती मागे उभे राहायचे, हे त्या तिघाचौघांनी एकत्र, खऱ्या सामन्यात, बरेच तास उभे राहून ठरते. ‘अ’ संघातली फळी वेगळी आणि कसोटीतली वेगळी असली, की हे गणित पहिल्या कसोटीतच सुरू होते.

जुन्या दौऱ्यांचे गोडवे गाणे हा आमच्या पिढीचा दोषच आहे, हे मान्य करून दोन उदाहरणे देतो. १९४६ च्या दौऱ्यात मे महिन्यात ओव्हलवर सरेविरुद्धच्या सामन्यात भारताची अवस्था ९ बाद २०५ अशी होती. दहाव्या आणि अकराव्या क्रमांकाचे चंदू सरवटे आणि शुते बॅनर्जी यांनी तिथून शेवटच्या गड्यासाठी २४९ धावा जोडल्या. दोघांनीही शतके केली, सरवटे १२४ वर नाबाद राहिले. ती कसोटी नव्हती, कौंटीचा सामना होता. आज तो सामना दौऱ्याच्या कार्यक्रमपत्रिकेवरच नसता.

दुसरे उदाहरण १९७१ चे, आणि इथे मला थोडे रेंगाळू द्यावे. वाडेकरांचा संघ त्या वर्षी वेस्ट इंडीजमध्ये मालिका जिंकून इंग्लंडला गेला, आणि तिथे समोर होता ऑस्ट्रेलियात जाऊन अ‍ॅशेस जिंकून आलेला रे इलिंगवर्थचा संघ. दौरा जूनच्या उत्तरार्धात सुरू झाला आणि पहिली कसोटी २२ जुलैला लॉर्ड्‌सवर होती. मधला जवळजवळ महिनाभर हा संघ एका कौंटीहून दुसऱ्या कौंटीला बसने फिरत होता, खेळत होता आणि फिरकीसाठी जवळचे क्षेत्ररक्षण बसवत होता. वेस्ट इंडीजच्या दौऱ्यात नसलेला चंद्रशेखर पुन्हा संघात आला होता, त्याची लय पकडायलाही वेळ मिळाला. १९ ऑगस्टला तिसरी कसोटी सुरू झाली तोवर एकनाथ सोलकर फॉरवर्ड शॉर्ट लेगला फलंदाजाच्या बुटांइतका जवळ उभा राहत होता आणि त्याच्या मागे कोण कुठे आहे, हे सर्वांना डोळे मिटून ठाऊक होते. इंग्लंडचा दुसरा डाव १०१ धावांत कोसळला तो चंद्रशेखरच्या ३८ धावांतील सहा बळींमुळे, हे शाळकरी मुलांनाही ठाऊक आहे. पण वेंकटराघवनच्या गोलंदाजीवर सोलकरने इंग्लंडच्या अ‍ॅलन नॉटचा जमिनीलगत झेपावून घेतलेला झेल नसता तर तो डाव इतका झटपट संपला नसता, असे माझे मत आहे. १७३ धावांचे लक्ष्य होते. शेवटच्या सकाळी वाडेकर ४५ वर धावबाद झाले आणि ड्रेसिंग रूममध्ये जाऊन झोपी गेले. अशा वेळी झोप लागणारा कर्णधार मी दुसरा पाहिला नाही. सरदेसाई, विश्वनाथ आणि इंजिनीअर यांनी तो डाव हलके हलके पार नेला, आबिद अलीने विजयी चौकार मारला. त्या दिवशी गणेश चतुर्थी होती. मैदानावर कोणी प्राणिसंग्रहालयातून बेला नावाची हत्तीण आणून फिरवली होती, आणि आमच्या चाळीत आरतीच्या ताटाजवळ ट्रान्झिस्टर ठेवला होता. त्या वर्षीचा प्रसाद मला आजही आठवतो.

कौंटी सामने खेळले म्हणून जिंकलो, असे सरळ गणित मांडण्याचा मोह मला होतो, पण तो खोटेपणा ठरेल. १९७४ मध्येही कौंटी सामने भरपूर होते आणि तरीही लॉर्ड्‌सवर ४२ धावांत बाद होऊन आपण मालिका ३-० ने हरलो. अलीकडचे उदाहरण याहून बोचरे आहे. २०२० च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यात आपण सिडनीला तीन दिवसांचे दोन सराव सामने खेळलो, त्यातला एक दिवस-रात्र कसोटीत वापरतात त्या गुलाबी चेंडूचा होता, आणि त्याच गुलाबी चेंडूवर अ‍ॅडलेडला ३६ धावांत बाद झालो. उलट २०२४ मध्ये एकाही राज्य संघाशी न खेळता पर्थला २९५ धावांनी जिंकलो. तेव्हा सराव सामना हा काही मंत्र नव्हे. पण त्याच २०२० च्या दौऱ्याचा पुढचा भाग पाहा. ऑस्ट्रेलिया ‘अ’ विरुद्ध ड्रमोयनच्या मैदानावर अजिंक्य रहाणेने नाबाद ११७ धावा केल्या होत्या, दुसऱ्या सामन्यात पंत आणि विहारीने शतके केली होती. ३६ च्या धक्क्यानंतर कोहली मायदेशी परतला आणि मेलबर्नला कर्णधार रहाणेने ११२ केल्या. सिडनीच्या शेवटच्या दिवशी पंतने ९७ धावा करून सामन्याचे पारडे फिरवले आणि विहारी जखमी पायाने तासन्‌तास उभा राहिला. ब्रिस्बेनला पंतने नाबाद ८९ करून मालिका जिंकून दिली. ड्रमोयनच्या शतकाचा आणि मेलबर्नच्या शतकाचा संबंध नाही, असे ज्यांना म्हणायचे असेल त्यांनी म्हणावे. मी तसे म्हणणार नाही.

यजमान देश सराव सामने देत नाहीत, दिले तरी दुसऱ्या फळीतली मुले उतरवतात, अशी तक्रार आपल्याकडे नेहमी ऐकू येते. ती काही अंशी खरी आहे. कौंट्यांना जूनमध्ये त्यांची वीस षटकांची स्पर्धा असते आणि तिकिटेही तिचीच खपतात. पण आपले हात तरी कुठे स्वच्छ आहेत? २०१७-१८ च्या दक्षिण आफ्रिका दौऱ्यात पार्लचा दोन दिवसांचा सराव सामना आपल्याच इच्छेने रद्द झाला, त्याऐवजी जाळीत सराव केला गेला, आणि केपटाऊनची पहिली कसोटी आपण ७२ धावांनी हरलो. २०१८ मध्ये चेम्सफर्डला एसेक्सविरुद्धचा चार दिवसांचा सामना आपल्याच व्यवस्थापनाने तीन दिवसांवर आणला, आणि बर्मिंगहॅमची पहिली कसोटी ३१ धावांनी गेली. २०२४-२५ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यात रोहित शर्मा पहिल्या कसोटीला हजर राहू शकला नाही, त्यामागे घरगुती आनंदाचे कारण होते आणि त्याबद्दल कोणी एक शब्दही काढू नये. मात्र नंतर तो ऑस्ट्रेलियात पोहोचला तेव्हा त्याच्यासाठी कॅनबेराचा दोन दिवसांचा एकच सामना होता. पहिला दिवस पावसात गेला आणि उरलेल्या दिवशी मर्यादित षटकांचा खेळ झाला. त्यानंतर तीन कसोटींत त्याच्या ३१ धावा झाल्या आणि सिडनीला त्याने स्वतःच बाहेर बसणे पसंत केले. इतक्या अनुभवी फलंदाजाला सूर हरवल्यावर तो शोधायला कसोटीखेरीज दुसरे मैदानच नसावे, हे मला फार चमत्कारिक वाटते. पूर्वी असा खेळाडू दोन कसोटींमधल्या आठवड्यात एखाद्या राज्याविरुद्ध उतरून तीन तास खेळपट्टीवर घालवत असे.

राखीव खेळाडूंचे हाल तर याहून मोठे. कुलदीप यादव जूनपासून ऑगस्टपर्यंत इंग्लंडमध्ये होता आणि पाचपैकी एकही कसोटी खेळला नाही. अभिमन्यू ईश्वरन ऑस्ट्रेलियात आणि इंग्लंडमध्ये, दोन्ही दौऱ्यांत, एकही कसोटी न खेळता संघाबरोबर फिरला. लॉर्ड्‌सची कसोटी १४ जुलैला संपली आणि मँचेस्टरची २३ ला सुरू झाली. मधल्या आठ दिवसांत या मुलांना कुठल्याही कौंटीविरुद्ध तीन दिवस खेळायला मिळाले असते तर संघनिवडीला काही आधार तरी मिळाला असता. दुखापतींमुळे मँचेस्टरला ऐनवेळी अंशुल कंबोजला बोलावून थेट कसोटीत उतरवावे लागले. तहान लागली की विहीर खणायला घ्यायची, असा हा प्रकार आहे. बुमराने पाचांपैकी तीनच कसोटी खेळायच्या हे आधीच ठरलेले असताना, उरलेल्या दोन कसोटींत कोण गोलंदाजी करणार, याची चाचपणी खऱ्या सामन्यात करणे शक्य होते. सिराजने पाचही कसोटी खेळून १८५ हून अधिक षटके टाकली, २३ बळी घेतले आणि आपली लाज राखली, हे त्याचे उपकार समजावेत. त्यावर धोरण उभे करू नये.

या विषयाची दुसरी बाजूही आहे आणि ती आपल्या घराची आहे. आपल्याला परदेशात सामने हवे असतील तर पाहुण्यांनाही ते इथे द्यावे लागतील. मुंबईकर वाचकांना फेब्रुवारी १९९८ आठवत असेल. मार्क टेलरचा ऑस्ट्रेलियन संघ कसोटी मालिकेआधी ब्रेबॉर्न स्टेडियमवर मुंबईशी खेळला, सचिन तेंडुलकरने नाबाद २०४ धावा करताना शेन वॉर्नला चोपून काढले आणि मुंबईने तो सामना दहा गडी राखून जिंकला. पुढच्या महिन्यात चेन्नईच्या कसोटीत सचिनने नाबाद १५५ केल्या, त्यामागे ब्रेबॉर्नचा तो दिवस होता, असे मी समजतो. मी त्या दिवशी उत्तरेकडच्या स्टँडमध्ये होतो आणि माझ्या शेजारी कामाला दांडी मारून आलेले किमान पाच जण होते. रणजी खेळणाऱ्या मुंबईच्या मुलांना जगातल्या उत्तम संघाविरुद्ध तीन दिवस खेळायला मिळाले, ते वेगळेच. आता परदेशी संघ येतो, थेट कसोटीच्या शहरात उतरतो आणि निघून जातो. विदर्भाने अलीकडच्या काळात रणजी करंडक वारंवार जिंकला, पण नागपूरच्या त्या मुलांना पाहुण्या संघाविरुद्ध आपले पाणी दाखवण्याची संधी कधी मिळणार?

भारतीय क्रिकेट नियामक मंडळाचा शब्द आज जगात चालतो. दौऱ्याचे करार करताना प्रक्षेपणाच्या वेळेपासून मैदानांच्या निवडीपर्यंत सर्व गोष्टींवर ते आग्रह धरू शकते, तर त्याने एवढाच आग्रह धरावा, की तीन किंवा अधिक कसोटींच्या प्रत्येक दौऱ्यात पहिल्या कसोटीआधी यजमान देशातील कौंटी किंवा राज्य संघाविरुद्ध दोन सामने आणि मालिकेच्या मध्यावर एक सामना असावा. ते सामने अकराविरुद्ध अकरा असावेत, त्यांना प्रथम श्रेणीचा दर्जा असावा, म्हणजे सोळा जणांना आळीपाळीने फलंदाजी देण्याची सवय मोडेल. दरवाजे प्रेक्षकांसाठी उघडे असावेत. बदल्यात तितकेच सामने आपणही पाहुण्यांना द्यावेत, आणि शक्यतो कसोटीच्या मोठ्या शहरांबाहेर. यासाठी आयपीएल आणि पहिली कसोटी यांच्यात सतरा दिवसांऐवजी तीस दिवस लागतील, हे मला कळते. तेरा दिवस कुठून आणायचे, हे मंडळाने ठरवावे. पाच कसोटींच्या दौऱ्यातली पहिली कसोटी तयारीत घालवण्यापेक्षा ते स्वस्त पडतील.

आपल्या क्रीडा पानाकडे एक विनंती करून पत्र संपवतो. पुढील परदेश दौऱ्याचा कार्यक्रम आपण छापाल तेव्हा कसोटींच्या तारखांच्या खाली, पूर्वी छापत असत तसे, इतर सामन्यांचे तक्तेही छापावेत. आणि असे सामने नसतील तर ‘कसोटीपूर्वी एकही प्रथम श्रेणी सामना नाही’ अशी ओळ ठळक अक्षरात द्यावी.

कळावे,
आपला विश्वासू,
कांगा लीगमधील एक निवृत्त पंच
दादर, मुंबई